गार हातांची कविता

“संडासात?” नेमगोंडा मगदुमांनी पुन्हा विचारलं.

“संडासात,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “बाहेर पडलास की डाव्या हाताचं दार.”

“मी दिलेली चौकट?”

“तीच.”

नेमगोंडांचा कॉफीचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

हे नेमगोंडा सांगलीचे. बेदाण्याचे व्यापारी. शिक्षण मॅट्रिकला अडकलं ते अडकलंच. पण वीस वर्षं रॉटरडॅमला माल पाठवता पाठवता गोदामातल्या लोकांशी बोलून त्यांनी डच भाषा अशी उचलली होती, की भाव करताना समोरचाच शब्द शोधायला लागे. त्याच गोदामात दिर्क नावाच्या मुकादमानं एकदा पेटी फोडता फोडता आठ ओळी म्हणून दाखवल्या. कुणाच्या म्हणून विचारलं, तर म्हणाला, “काल्कमानच्या. कुणालाही विचारा, येतात.”

बास्टियान काल्कमान हार्लेमजवळच्या एका गावात कालव्याच्या पुलावर नोकरीला होते. होडी आली की पूल वर घ्यायचा, गेली की खाली. उभा जन्म त्यातच गेला. दोन होड्यांच्या मध्ये जेवढा वेळ मिळे तेवढीच त्यांची कविता. म्हणून एकही आठ-दहा ओळींच्या पुढं गेलेली नाही. मोठं बक्षीस घेऊन राजधानीतली माणसं आली, तेव्हा म्हणे पूल वर होता. बक्षीस अर्धा तास पलीकडच्या काठावर ताटकळलं. काल्कमान इकडून ओरडले, “आधी बटाटे जाऊ द्या!” होडीत बटाटे होते.

अशा माणसाच्या चाळीस कविता नेमगोंडांनी मराठीत आणल्या होत्या. एक शब्द सोडला नव्हता, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. कोल्हापूरचा छापखाना ठरला होता, पुस्तकावरची अक्षरं सोनेरी ठरली होती. आता फक्त म्हाताऱ्याचा होकार हवा होता. याआधी एका इंग्रजाला आणि एका जर्मनाला त्यांनी नाही म्हटलेलं. शिवाय वय ब्याण्णव, छाती कुरकुरणारी. मूलबाळ नाही. आज होकार मिळाला नाही तर पुढं मागायचा कुणाकडं?

म्हणून तर मागच्या खेपेला ती चौकट आणली होती. त्यांची सगळ्यांत गाजलेली कविता मराठीत, सुरेख अक्षरात. चौकट मिरजेच्या सतारवाल्याकडून सतारीच्या उरलेल्या लाकडाची खास करून घेतलेली.

आणि ती संडासात!

“मेनेर,” नेमगोंडा म्हणाले. मेनेर म्हणजे तिकडचं साहेब. “आमच्याकडं कागदाला चुकून पाय लागला तरी आम्ही नमस्कार करतो.”

“चांगलं करता.”

“आणि तुम्ही ती… तिथं…”

“चिडलास?”

“छे, छे.”

भाव कोसळला तरी चेहरा पडू न देणाऱ्या व्यापाऱ्याचं ‘छे, छे’ होतं ते. म्हाताऱ्यानं ते ओळखलं असावं. काठी शोधून तो उठला.

“चल.”

दार उघडलं. आत एक माणूस वळेल एवढीच जागा. हाताशी वाटीएवढं बेसिन. समोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर, त्यावर वार नाहीत, नुसत्या तारखा आणि तारखांपुढं शाईनं लिहिलेली नावं.

“ही कोण मंडळी?”

“वाढदिवस. आमच्या देशात घरोघरी इथंच टांगतात. बसल्या बसल्या डोळ्यांपुढं येतं. मग कुणी विसरलं जात नाही.”

कॅलेंडरच्या खाली, बसलेल्या माणसाच्या बरोबर नजरेसमोर, मिरजेची चौकट.

नेमगोंडांचा राग थोडा उतरला. पण थोडाच.

“बैठकीत जागा होती की, मेनेर.”

“होती.”

“मग?”

“बैठकीतली चौकट बघून माणसं वा म्हणतात आणि कॉफी पितात.”

“आणि इथं?”

“इथं कुणी वा म्हणत नाही.”

नेमगोंडांनी चौकट बोटानं जरा सरळ केली.

“मला तुझी अक्षरं येत नाहीत,” काल्कमान म्हणाले. “वर्षभर नुसता बघतोय. नळ दुरुस्त करायला आलेल्यानं विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, माझंच आहे, पण मला माहीत नाही… वाचतोस?”

वाचतोस काय! नेमगोंडांनी घसा खाकरला. एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला, दुसरा हवेत उचलला. सांगलीच्या वाचनालयात याच कवितेला टाळ्या पडल्या होत्या.

“असं नको,” काल्कमान म्हणाले. “आत जा. दार लाव. एकटा वाच.”

“मला लागलेली नाही, मेनेर.”

“माहीत आहे.”

म्हाताऱ्याच्या हाडकुळ्या हातात अजून पूल उचलायचा जोर होता. नेमगोंडा आत गेले आणि बाहेरून दार लागलं.

आता काय करणार? उभे राहिले तर चौकट पोटापाशी येई. झाकण पाडून ते त्यावर बसले, आणि वाचू लागले.

“हिमशीतल करकमल तव, प्रिये,
पृष्ठी माझिया विसावले…”

आवाज भिंतीला लागून लगेच परत आला. टाळीला जागाच नव्हती.

मूळ कविता साधी होती. पुलावरच्या माणसाची बायको थंडीत कपडे पिळून घरात येते. मागून येऊन त्याच्या शर्टात दोन्ही हात घालते. तो ओरडतो, ती हसते. आमच्या घरात हिवाळा असा येतो, असं तो म्हणतो. बस, एवढीच.

नेमगोंडांनी पुन्हा वाचलं, जरा हळू. करकमल… घरी आपण बायकोला, पद्मावतीला म्हटलं, ‘अगं, तुझी करकमलं जरा इकडं कर,’ तर? ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल आणि मग थोरल्याला हाक मारेल.

तिसऱ्यांदा वाचायला गेले, तर तोंडच उघडेना.

ते उठले. वाचायला म्हणून का होईना, एकदा संडासात शिरल्यावर हात न धुता बाहेर पडणं त्यांच्याच्यानं झालं नसतं. वाटीएवढ्या बेसिनचा नळ सोडला. फेब्रुवारीचं पाणी. बोटं जळाल्यासारखी झाली. टॉवेल होता एवढासा, तोही ओला. ऊब मिळावी म्हणून त्यांनी दोन्ही पंजे सरळ कॉलरच्या आत मानेवर दाबले.

“आई गंऽऽ!”

बाहेर काठीचा आवाज झाला.

नेमगोंडा तसेच उभे राहिले, स्वतःची मान स्वतःच्या हातांत धरून.

“गार हात,” ते म्हणाले. मग आणखी थोडं मोठ्यानं, “गार हात घातलेस शर्टात… मी ओरडलो… तू हसलीस…”

कडी नव्हतीच. दार उघडून ते बाहेर आले.

“ओरडलास?” काल्कमान भिंतीला टेकून उभे होते.

“पाणी गार आहे.”

“इथं गरमचा नळ बसवत नाही कुणी.”

दोघं बैठकीत येऊन बसले. कॉफी निवून गेली होती. खिडकीबाहेरून एक बाई सायकलवरनं गेली. पुढं एक मूल, मागं एक मूल, दोघांच्या मध्ये वाऱ्यात वाकलेली आई.

“मेनेर, यात हातच नाहीत,” नेमगोंडा म्हणाले.

“कशात?”

“मी लिहिलंय त्यात. तुमच्यात हात आहेत. माझ्यात फूल आहे.”

“फूल? कसलं?”

“कमळ. तळ्यात उगवतं.”

काल्कमान विचारात पडले.

“हिवाळ्यात?”

नेमगोंडा हसले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी गार बोटांनीच पुसलं.

“ख्रीत असती तर तीही हसली असती,” म्हातारा म्हणाला. ख्रीत म्हणजे त्यांची बायको. जाऊन बरीच वर्षं झाली होती. “तिचे हात फुलासारखे नव्हते. साबणानं चिरलेले असायचे. पाठीला खरखर लागायचे.”

“ती खरखरसुद्धा मी घालवली.”

“आणि बाकीच्या कवितांत?”

नेमगोंडांनी मनातल्या मनात चाळीसच्या चाळीस कविता चाळल्या. पाचव्यात चांदणं घुसवलेलं. अकराव्यात बासरी. बटाट्याच्या वाफेचा धूप केलेला…

“बाग आहे नुसती,” ते म्हणाले.

काल्कमानांनी निवलेली कॉफी घोटभर घेतली. त्यांची छाती कुरकुरत होती. थोड्या वेळानं ते म्हणाले, “तू काहीतरी मागायला आला होतास.”

“हो.”

“माग की.”

समोरचा सौदा करायला तयार झाला की कसा दिसतो, हे नेमगोंडांना कुणी शिकवायला नको होतं. म्हाताऱ्याचा चेहरा तसाच दिसत होता. आत्ता शब्द टाकला तर होकार मिळणार. पुन्हा ही वेळ येईल याची खात्री कुणी द्यावी?

“मला… वेळ पाहिजे, मेनेर.” आपलाच आवाज ऐकून ते दचकले. “एक वर्ष. मग येतो मागायला.”

“मी ब्याण्णव वर्षांचा आहे, मगदूम.”

“माहीत आहे. म्हणून तर सकाळी धावत आलो.”

“आणि आता?”

नेमगोंडांनी मान खाली घातली. मागं घ्यावा का शब्द? अजून घेता आला असता…

त्यांनी घेतला नाही.

काल्कमान खिडकीबाहेर बघत राहिले. कालव्यावरून एक होडी चालली होती. ती पुलाखालून पार जाईपर्यंत ते थांबले.

“एका वर्षात नाही व्हायचं,” ते म्हणाले. “दोन घे.”