वाऱ्याला पाठ

शे-दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशात, दलदलीकाठच्या एका गावात, अनातोल नावाचा एक चित्रकार राहत होता. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, खाचांत शाई भरायची आणि कागदावर ठसे उठवायचे, ही त्याची कला. हात असा, की बदकाचं पीसन् पीस मोजून घ्यावं. आणि त्या हाताचा गर्वही तेवढाच.

सात महिने खपून त्याने दलदलीतले पाणपक्षी कोरले. वाऱ्याने वाकलेली लव्हाळी खिडकीतून बघून काढली. पक्षी मात्र घरातले, पेंढा भरून फळीवर मांडलेले. चिखलात कोण उतरणार? पॅरिसच्या प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. शहरातले जाणकार पहिला ठसा पाहून सांगून गेले होते, "यंदाचा मान तुमचाच!"

त्याच दिवशी लव्हाळ्यांचा भारा घेऊन पेरीन म्हातारी दारात आली. तिची हयात त्या दलदलीत गेलेली. वाळत टांगलेला ठसा तिने न्याहाळला आणि विचारलं, "ही बदकं मेलेली आहेत का रे?"

अनातोलला मिरची झोंबली. "म्हातारे, तुला चित्रातलं काय कळतं?"

"चित्रातलं नाही कळत, बदकातलं कळतं. लव्हाळी उजवीकडे वाकलीत, म्हणजे वारा डावीकडचा. आणि तुझी बदकं त्याला पाठ देऊन खुशाल बसलीत! जितं बदक वाऱ्याकडे तोंड करून बसतं, बाबा. नाहीतर पिसं उलटतात, गारठा अंगात शिरतो."

"शहरात कुणाला कळणार आहे हे?"

"कुणाला नाही. पण तुला कळलं ना आता?"

म्हातारी निघून गेली. अनातोल तडक दलदलीत उतरला. गुडघाभर चिखलात उभं राहून त्याने पाहिलं. एकूणएक बदक, झोपलेलंसुद्धा, वाऱ्याला छाती देऊन बसलं होतं.

तो घरी आला. पत्रा तयार होता, ठसे पॅरिसला धाडायची पेटी तयार होती.  तरी त्याने तासणी उचलली आणि सात महिन्यांचे पक्षी खरवडून काढले. उरली नुसती लव्हाळी.

प्रदर्शन त्याच्या चित्राविनाच झालं. मान दुसऱ्याला गेला. अनातोल हिवाळाभर चिखलात उभा राहून पक्षी बघत होता, आणि घरी येऊन कोरत होता.

उन्हं तापू लागली तेव्हा त्याने पेरीनला बोलावलं. "आजी, बघा बरं."

तिने भारा खाली ठेवला. नव्या ठशासमोर उभी राहिली.  थोड्या वेळाने तिचा हात आपसूक वर गेला आणि तिने डोक्याचा रुमाल डाव्या कानावर ओढून घेतला.

"वारा बोचरा आहे," ती पुटपुटली.

बाहेर पान हलत नव्हतं.

तात्पर्य: जगाला न दिसलेली आपली चूक आपल्याला दिसली, की हाती आलेला मान सोडून ती आधी खरवडावी; लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकता येते, स्वतःच्या नाही.