टुण्याचा दुसरा पाय

बाग होती. कागदाची बाग होती. टेबलावर पसरली होती.

झाडं ठशांची. फुलं ठशांची. गोगलगायसुद्धा ठशाची.

रबरी ठसा शाईत बुडवायचा. कागदावर दाबायचा. ठप्प! झालं फूल. ठप्प! झालं पान. मग कात्री फिरायची. कच् कच्! मग फुलं उभी करायची, पानं चिकटवायची. झाली बाग!

या बागेसाठी एक नाकतोडा उमटला. एवढुस्सा. हिरव्या शाईचा. नाव त्याचं टुण्या.

नाकतोड्याला उडी मारायला दोन लांब पाय लागतात. टुण्याला एकच आला.

एकच का आला?

कारण ठसेनानांना जांभई आली. ठसेनाना म्हणजे लाकडी मुठीचा जुना ठसा. नाकतोड्याचं चित्र त्यांच्याच पोटावर. नाना कागदावर वाकले, आणि ऐन वेळी "आऽऽऽ" करून जांभई दिली. जांभई देताना तिरके झाले. एक बाजू कागदाला टेकलीच नाही. एक पाय रबरातच राहिला.

चूक कुणाची? नानांची.

आणि हसलं कोण? तेही नानाच.

"हा हा हा! अरे, बगळा झालास की रे!"

टुण्याला हसू आलं नाही. तो कागदावरून उठला आणि त्याने उडी मारून बघितली.

टुण्... धप्!

पडला. नाकावर.

तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाला आवाज झाला. कच् कच्! कच् कच्! कात्रीबाई येत होती. ओरडत येत होती,

"पुरा ठसा बागेत! अर्धा ठसा रद्दीत!"

रद्दीची टोपली टेबलाखाली होती. खोल होती. काळोखी होती.

टुण्या घाबरला. कोण नाही घाबरणार?

नाना मात्र मजेत बसले होते. खाली काहीतरी मऊ होतं. टुण्या त्यांच्याकडे गेला.

"ठसेनाना, पाय द्या! टुण्याला उडी येईना!"

"लगेच? आत्ताच्या आत्ता?" नाना म्हणाले. "माझ्या अंगाला शाई तरी आहे का? गादी शाई देईल, तर मी पाय देईन. जा!"

टुण्या गेला. टुण्... धप्! टुण्... धप्!

शाईची गादी डबीत लोळत होती. तिला सगळे मावशी म्हणायचे.

"गादीमावशी, शाई दे!
ठसा पाय देईना,
टुण्याला उडी येईना!"

"कुणी पाठवलं? नानांनी?" मावशी फणकारली. "त्यांना काय जातंय पाठवायला! बोट लावून बघ, मी कोरडी ठाक आहे. बाटली शाई ओतेल, तर मी शाई देईन. जा!"

टुण्याने बोट लावून बघितलं नाही. वेळ कुठे होता? टुण्... धप्! टुण्... धप्!

शाईची बाटली ताठ उभी होती. डोक्यावर बूच होतं. बुचाभोवती वाळकी शाई होती.

"बाटलीआत्या, शाई ओत!
गादी शाई देईना,
ठसा पाय देईना,
टुण्याला उडी येईना!"

"आमच्या वेळी नाही हो आम्ही असे पायबिय मागत होतो!" आत्या म्हणाली. "मिळालं त्यात गपगुमान राहत होतो!"

बाटलीला पाय नव्हतेच कधी. पण बोलायला काय जातं?

"आणि माझं बूच बघ कसं चिकटलंय," आत्या म्हणाली. "चिंधी तोंड पुसेल, तर मी शाई ओतेन. जा!"

कच् कच्! कात्री थोडी जवळ आली.

टुण्... धप्! टुण्... धप्!

चिंधी घडी घालून पडली होती. वाळून कडक झाली होती.

"चिंधीकाकी, तोंड पूस!
बाटली शाई ओतेना,
गादी शाई देईना,
ठसा पाय देईना,
टुण्याला उडी येईना!"

"तुझं आपलं पाय, पाय, पाय!" काकी कण्हली. "माझं अंग बघ. नुसता पापड झालाय. मला कुणी विचारतं का? आणि ती मधमाशी बघ. तिला एकच पंख आलाय. बोलते का काही? किती शहाणी पोर!"

मधमाशी कागदावर बसली होती. खरंच शहाणी होती. गप्प होती.

कच् कच्! कात्रीबाई आली. तिने मधमाशीकडे बघितलं.

"अर्धा ठसा रद्दीत!"

झालं. मधमाशी गेली टोपलीत. तिने हूं की चूं केलं नाही.

टुण्याने काकीकडे बघितलं. काकीने तोंड फिरवलं.

"वाटी भिजवेल, तर मी तोंड पुसेन," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "जा!"

टुण्या पळाला. एका पायावर जेवढं पळता येतं तेवढं पळाला. टुण् धप्, टुण् धप्, टुण् धप्!

पाण्याची वाटी काठोकाठ भरली होती.

"वाटीमामी, चिंधी भिजव!
चिंधी तोंड पुसेना,
बाटली शाई ओतेना,
गादी शाई देईना,
ठसा पाय देईना,
टुण्याला उडी येईना!"

"अगं बाई! माझं सोनं! माझं पिल्लू!" मामी म्हणाली. "एवढासा जीव, आणि एकच पाय? अरे देवा! दमलास ना राजा? बस हं इथे."

टुण्याला वाटलं, ही नक्की देणार.

"पण मी कशी रे जाऊ?" मामी म्हणाली. "मी कलंडले, तर सगळी बाग भिजेल. कुंचला पाणी उडवेल, तर मी चिंधी भिजवीन. जा हं, बाळा!"

गोड बोलली. पण नाहीच म्हणाली.

कच् कच्! कात्रीने आणखी एक गोगलगाय कापली. गोगलगाय पुरी होती. ती बागेत गेली.

टुण्... धप्! टुण्... धप्!

कुंचला आडवा पडला होता. त्याचे मऊ केस कशाखाली तरी दाबले गेले होते.

"कुंचलाकाका, पाणी उडवा!
वाटी चिंधी भिजवेना,
चिंधी तोंड पुसेना,
बाटली शाई ओतेना,
गादी शाई देईना,
ठसा पाय देईना,
टुण्याला उडी येईना!"

"मी? मी तर केव्हाच उडवलं असतं!" काका म्हणाले. "पण नाना बसलेत ना माझ्या केसांवर. तुला उमटवलं, आणि बसले ते बसलेच."

"मग ओरडा की!" टुण्या म्हणाला.

"अरे हळू बोल! ऐकतील!" काका कुजबुजले. "मोठ्यांना कसं सांगायचं? बरं दिसतं का ते? ठसा उठेल, तर मी पाणी उडवीन. जा!"

जायचं कुठे? नाना तर तिथेच होते. टुण्याने मान वर केली.

"ठसेनाना, उठा!
कुंचला पाणी उडवेना,
वाटी चिंधी भिजवेना,
चिंधी तोंड पुसेना,
बाटली शाई ओतेना,
गादी शाई देईना,
ठसा पाय देईना,
टुण्याला उडी येईना!"

"उठू? मी?" नाना म्हणाले. "आत्ता कुठे जरा टेकलोय! गादी शाई देईल, तर मी उठेन. जा!"

टुण्या वळला. उडी मारली. टुण्...

आणि थांबला.

गादी म्हणणार, बाटली.
बाटली म्हणणार, चिंधी.
चिंधी म्हणणार, वाटी.
वाटी म्हणणार, कुंचला.
कुंचला म्हणणार, ठसा.

आणि ठसा बसलाय. नुसता बसलाय.

कच् कच्! कच् कच्! कात्री अगदी जवळ आली.

"नाना, उठा," टुण्या म्हणाला.

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"नाना, उठा."

"कुणी शिकवलं रे हे तुला? वळण नाही काही!"

"नाना, उठा!"

"नाही उठत जा!"

विनंती करून झाली होती. गाणं म्हणून झालं होतं. दारोदार फिरून झालं होतं. समोर नानांच्या रबराची कड होती. टुण्याने तोंड उघडलं.

कुट्ट!

"आई गंऽऽऽ!"

नाना उठले. उठले कसले, उडालेच!

नाना उठले, कुंचला सुटला.
कुंचला वाटीत बुडाला. डुबुक!
त्याने पाणी उडवलं. छप् छप्!
चिंधी भिजली. मऊ झाली.
चिंधीने तोंड पुसलं. खस् खस्!
बाटलीचं बूच निघालं. फट्!
बाटलीने शाई ओतली. घळ् घळ्!
गादी शाई प्यायली. टम्म फुगली.
गादीने नानांना शाई दिली. थप्!

सगळ्यांना सगळं येत होतं. आधीपासून येत होतं.

नाना कागदापाशी आले. टुण्या कागदावर आडवा झाला. जुन्या ठशावर नवा ठसा अगदी बरोब्बर बसायला हवा. इकडे नाही, तिकडे नाही.

"आऽऽऽ..." नानांना पुन्हा जांभई आली.

टुण्याने नुसतं तोंड उघडून दाखवलं.

नानांनी जांभई गिळली. सरळ झाले. नीट वाकले. चारी बाजूंनी टेकले.

ठप्प!

आला! पाय आला! लांब, हिरवा, ओला ओला.

कच्! कात्रीबाई येऊन उभी राहिली. तिने टुण्याला वरून बघितलं. खालून बघितलं. पाय बघितला, दुसरा पाय बघितला.

"पुरा ठसा," ती म्हणाली, "बागेत!"

तिने टुण्याच्या कडेकडेने कापलं. हळू. कच्, कच्, कच्. पायाला धक्कासुद्धा लागला नाही.

मग काय, सगळे जमले.

"मी शाई दिली, म्हणून हो!" गादीमावशी म्हणाली.

"ओतली कुणी पण?" बाटलीआत्या म्हणाली.

"मी पुसलं नसतं तर काय ओतणार होतीस?" चिंधीकाकी म्हणाली.

"मी तर आधीच म्हटलं होतं, माझ्या सोन्याचं होणार म्हणून!" वाटीमामी म्हणाली.

"मी तयारच होतो," कुंचलाकाका म्हणाले. "विचारा त्याला."

टुण्याला कुणी काही विचारलं नाही.

नाना शेवटी बोलले. रबराची कड चोळत बोलले.

"बघितलंत? पाय मिळाला, आणि आभार नाहीत! अरे, कुणी दिला तुला पाय?"

टुण्याने नवा पाय लांब केला. मग दुमडला. शाई वाळली होती.

"पाय माझाच होता, नाना," तो म्हणाला. "तुम्ही त्याच्यावर बसला होतात."

आणि टुण्याने उडी मारली.

टुणुक!

गादीवरून. टुणुक!
बाटलीवरून. टुणुक!
चिंधीवरून, वाटीवरून, कुंचल्यावरून. टुणुक! टुणुक! टुणुक!
नानांच्या डोक्यावरून. टुऽऽणुक!

टुण्या फुलावर. नाना टेबलावर. गोष्ट संपली बरोब्बर.