लग्न पुढे, टेकडी मागे

एकदा एक जाडजूड व्यापारी ओढ्याकाठी आपल्याच हातगाडीवर बसून रडत होता. गुडघे आखडलेले, त्यामुळे त्याला चालता येत नव्हतं. गाडी ढकलणारा गडी ओढ्यावरची फरशी बघूनच पळाला होता. तिच्यावर इतकं शेवाळ होतं, की बेडूकही जपून पाय टाकत होते.

तेवढ्यात वाटेने एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा शिष्य आले.

"पलीकडच्या चढावर मांडव दिसतोय ना? माझ्या पोरीचं लग्न आहे हो," व्यापारी म्हणाला. "आई नाही तिला. गोरज मुहूर्त आहे. मी पोचलो नाही, तर माझा भाऊ कन्यादान करेल. आणि मग ते आयुष्यभर ऐकवेल."

शिष्याने गाडीला खांदा लावला. फरशीवर पहिलं पाऊल पडलं आणि तो सपशेल आडवा झाला. पायच ठरेनात, तर जोर कुठून लागणार?

गुरुजींनी मागच्या बाजूला, फरशीच्या अगदी सरळ रेषेत असलेल्या टेकडीकडे बोट केलं. "गाडी वर घे."

"लग्न पुढे आहे, गुरुजी."

"म्हणूनच."

शिष्य ढकलू लागला. थोडं ढकलायचं, चाकाखाली दगड लावायचा, धापा टाकायच्या. ऊन पिवळं होत गेलं. हेलकाव्यांनी शेठजींना झोप लागली. माथ्यावर पोचल्यावर शिष्य मटकन खालीच बसला.

"अंगातला होता नव्हता तो जोर संपला, गुरुजी. आणि मांडव आणखी लांब गेला!"

"बस गाडीवर," म्हणत गुरुजी मांडी घालून बसले, आणि त्यांनी काठीने चाकाखालचा दगड सारला.

गाडी आधी जराशी विचारात पडली. मग गवत वाहू लागलं. शिष्याला वाटलं, आपण जागीच आहोत, टेकडीच कुणीतरी चादरीसारखी खालून अलगद ओढून घेतंय. शेवाळावरून गाडी तरंगत गेली. मग समोरचा चढ लागला, वेग मावळत मावळत गेला, आणि मांडवाच्या दारात गाडी थांबली.

"दगड लाव!" गुरुजी ओरडले. "नाहीतर शेठजी निघाले परत."

शेठजी जागे झाले. "अजून निघालो नाही का?"

लोकांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. शिष्य बघतच राहिला. "गुरुजी, ही गाडी ढकलली कोणी?"

"तूच, बाळा. दुपारभर लावलेला तुझा जोर कुठे गेला नव्हता. तो उंची होऊन वर बसला होता. उतारावर त्याचा वेग झाला, काही शेवाळात आणि चाकांच्या कुरकुरीत गेला, उरलेला या चढावर पुन्हा उंची होऊन बसला. म्हणून तर दगड लावायला सांगितला."

शिष्याने आत पाहिलं. अंतरपाट धरलेला, शेठजी लेकीमागे उभे, आणि सगळ्यांच्या मुठी अक्षता घेऊन वर थांबलेल्या. कुणीच हलत नव्हतं. त्या स्तब्धतेत किती जोर साठून बसलाय, ते त्याला आता दिसत होतं.

घरात कुणी नुसतं बसलेलं दिसलं, तर त्याला बोलण्याआधी तो किती चढ चढून, किती उंचावर बसलाय, तेवढं एकदा बघावं.