ज्या दिवशी फोन वाजला नाही

"...मग दुकानासाठी फोनची कुठली यंत्रणा घेऊ या दोन्हींतली, आक्का?"

मल्लिनाथ उपाध्ये मठाच्या ओसरीवर बसला होता. मिरजेत त्याचा ऑक्सिजन सिलिंडरचा धंदा. पंचक्रोशीतले दवाखाने त्याच्यावर अवलंबून. स्वतः इंजिनीअर, आणि ते बोलण्यात यायचंच.

गिरिजाक्का पावटे सोलत होत्या. आजूबाजूच्या गावांतले लोक अडलं की त्यांच्याकडे येत.

"मला फोनमधलं काय कळतंय?"

"म्हणूनच आलो. तुम्हाला कुठलीच विकायची नाही."

आक्का हसल्या. "सांग मग."

"एक जुन्या पद्धतीची. भिंतीवर पेटी, तिथून टेबलाटेबलावर वायर. एकदा घेतली की आपली. पण बिघडली की माणूस यायची वाट बघा. दुसरी नवी. दुकानात पेटीच नाही, सगळं नेटवरून. महिन्याला भाडं, पण दुकानाचा फोन माझ्या मोबाइलवर कुठंही वाजतो. नेट गेलं की मात्र दुकानातले फोन गप्प."

"म्हणजे दोन्ही बंद पडतात."

"पडतात. मला न पडणारी हवी."

"आताची कधी पडली होती?"

मल्लिनाथ पुढे सरकून बसला.

"वळवाच्या पावसात. वीज पडली, पेटी जळली. आम्हाला पत्ताच नाही. फोन करणाऱ्याला रिंग ऐकू यायची, दुकानात काहीच वाजायचं नाही. डॉक्टर दातेबाईंच्या हॉस्पिटलातून दुपारभर फोन करत होते. त्यांच्याकडे दुकानाचाच नंबर."

"आणि तू?"

"दुकानातच होतो. वाटलं, आज कुणाला गरज नाही."

"मग?"

"संध्याकाळ व्हायला लागली तसं मन लागेना. बाईंचा फोन रोज येतो. आज का नाही? टेम्पो भरला आणि निघालो."

"बोलावलं कुणी?"

"कुणीच नाही. पोचलो तर बाई फाटकात उभ्या. काचेच्या पेटीत तान्हं बाळ... शेवटचा सिलिंडर लावलेला."

आक्कांचे हात थांबले.

"वाचलं?"

"वाचलं. आता रांगतंय म्हणे." त्याने तोंड फिरवलं. मग आवाज चढवला. "पण ते नशीब, आक्का! नशिबावर धंदा चालत नाही. म्हणून तर यंत्रणा पक्की पाहिजे."

आक्कांनी पावटे बाजूला ठेवले. उठून आत गेल्या. तांब्याभर ताक आणून त्याच्यापुढे ठेवलं.

मल्लिनाथने तांब्या उचलला तो रिकामा करूनच खाली ठेवला. बाहेर ऊन रणरणत होतं. सायकलवरून, उघड्या डोक्याने आला होता तो.

"ताक मागितलं होतंस?"

"नाही."

"मग हेही नशीबच का?"

...

मल्लिनाथ रिकाम्या तांब्याकडे बघत राहिला. मग अंगणातून एक कोंबडी ओसरीवर चढली, तिला आक्कांनी हाकललं, आणि तो हलला.

"ठरलं," तो म्हणाला. आवाज आता खाली होता, पण पक्का. "नेटवरची घेतो. पेटी जळायची भीती नाही. नेट गेलं तर मोबाइल आहेच."

"चांगली आहे. घे."

"आणि संध्याकाळी सगळ्या दवाखान्यांत मीच एक चक्कर मारीन."

"मार."

त्याने वाकून नमस्कार केला, चपला घातल्या. पायरीवर घोटाळला.

"एवढंच, आक्का? आणखी काही सांगायचं नाही?"

आक्कांनी सोललेले पावटे सुपात ओतले.

"ज्या दिवशी फोन वाजणार नाही, मल्लिनाथ... त्या दिवशी नीट ऐक."