सगुणेची ओ

तळेवाडीच्या तळ्याला अजून घाट नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावात भिकूशेट नावाचा सोनार होता. सोनारानेच कान टोचावे ही म्हण त्याच्यावरूनच पडली, असं म्हणतात. तळेवाडीकर काहीही म्हणतात! पण गावातला प्रत्येक कान त्याच्या बोटांखालून गेला होता, हे खरं.

त्याची एकुलती एक लेक सगुणा. दिवसभर तळ्यात डुंबायची. तिचा कान महिनाभर वाहत होता, आणि एक दिवस थांबला. भिकूशेटनं आनंदानं गावभर साखर वाटली. तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला, कानामागं सूज आली, डोकं ठणकू लागलं. भिकूशेट तिच्या कानाशी वाकून हाका मारत राहिला, "सगुणे, सगुणे!" सगुणेनं ओ दिली नाही.

सगुणा गेली, आणि ती साखर त्याला जन्मभर कडू लागली. पण तेव्हापासून त्याला माणसाच्या कानामागचं रक्त वाहताना ऐकू यायचं, असं म्हणतात. टोचण्याआधी तो कानामागं अंगठा ठेवायचा आणि हळूच हाक मारायचा, "सगुणे." मुलगा असला तरी सगुणेच. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

पुढं बऱ्याच वर्षांनी एकदा कोंडाजी कुंभार साखर घेऊन आला. "शेट, त्वांड ग्वाड करा. आमच्या जनीचा कान थांबला बगा!"

भिकूशेटनं हात पुढं केला नाही. "ताप हाय?"

"सकाळी हुडहुडी भरली हुती. उतरंल की."

भिकूशेट अनवाणी धावला. जनीच्या सुजलेल्या कानामागं त्यानं अंगठा ठेवला, आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही.

"कान थांबला न्हाई, कोंडाजी, आत वळलाय. हितली शीर मुकी झालीया. गाडी जुंप!"

शहर बारा कोस. बैलांचे खूर जमिनीला लागलेच नाहीत, असं म्हणतात. डॉक्टरांनी कानामागचं हाड उघडलं, तर खालच्या शिरेत रक्त गोठून बसलेलं.

जनी दवाखान्यात पाच दिवस निपचित होती. सहाव्या दिवशी भिकूशेटनं सवयीनं हाक मारली, "सगुणे!"

"ओ," जनी म्हणाली.

तो म्हातारा तिथंच खाली बसून रडला.

आजही तळेवाडीत कान वाहायचा थांबला म्हणून कुणी साखर वाटत नाही. आधी कानामागं अंगठा ठेवतात, ताप बघतात, आणि शंका आली की तडक दवाखाना गाठतात. बाळाचे कान टोचताना सोनार त्याच्या कानात "सगुणे" अशी हाक मारतो. बाळाला काय कळतंय! म्हणून जमलेली सगळी माणसं ओ देतात, आणि चांगली मोठ्यानं देतात. भिकूशेट फार लांब गेलाय, त्याला ऐकू जायला हवी.