निरोप ऐकण्याचे आसन

एकाच घरातली माणसे एकमेकांशी बोलायची थांबली, तर त्यांचे बोलणे कोण वाहून नेते?

पूर्वी शोणावती नगरात विभूतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी निरोप्या होता. राजाचा धाकटा भाऊ कालसेन याला सिंहासनाची हाव होती. "दादा, सुषेणचं नाक पाहिलंस? आपल्या घराण्यात असलं नाक कुणाला आहे?" असे तो राजाच्या मुलाबद्दल येता-जाता म्हणे. हळूहळू राजाच्या मनात संशय शिरला. तो अपमान सहन न होऊन राणी उत्पला मुलाला, म्हणजे युवराज सुषेणला घेऊन बागेपलीकडच्या महालात राहायला गेली. नदीवर धुणे धुणाऱ्या बायासुद्धा युवराजाच्या नाकावरून वाद घालू लागल्या. दोन वर्षे जे काही बोलणे झाले, ते बोधिसत्त्वाच्या तोंडूनच.

एका संध्याकाळी राजाने त्याला बोलावले. वाटेत कालसेनाने गाठले. "पोरानं तुझ्या निरोपावर शिव्या दिल्या, असं येऊन सांग. एक गाव तुझं."

"शब्दांत भेसळ करणं मला जमायचं नाही, धाकले महाराज."

राजा म्हणाला, "सुषेणला सांग, तू माझा मुलगा नाहीस. उद्या दरबारात मी तसं जाहीर करणार. आईला घेऊन नगर सोड."

त्या मुलाला बोधिसत्त्वाने खांद्यावर खेळवले होते.

राजघराण्यात एक जुनी रीत होती. निरोप निघण्यापूर्वी निरोप्याने तो म्हणून दाखवायचा, आणि ज्याला तो जायचा त्याच्या आसनावर बसून धन्याने पुरता ऐकायचा. विभूतिसेनाने कंटाळून ती मोडली होती.

"महाराज, आज ती रीत पाळू या."

"का रे? म्हातारपणी विसरायला लागलास?"

"नाही महाराज. पण हा निरोप गेला की परत आणता यायचा नाही."

राजा कुरकुरत उठला आणि युवराजाच्या लहानपणच्या बुटक्या आसनावर बसला. त्याचे गुडघे छातीशी आले. बोधिसत्त्व समोर उभा राहून राजाच्याच स्वरात म्हणाला, "तू माझा मुलगा नाहीस."

"पुरे!"

"अजून दोन वाक्यं आहेत, महाराज." तीही त्याने म्हटली.

राजा तिथेच बसून म्हणाला, "आणि तो खरंच माझा नसला तर?"

"ते मला ठाऊक नाही. युवराज सोळा वर्षं तुम्हालाच तात म्हणतात, एवढं ठाऊक आहे."

"मग राणीला काय निरोप देऊ?"

"या खेपेला मला पाठवू नका. क्षमा ज्याची त्यानं मागायची असते."

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्यांना म्हणाले, "तेव्हाचा विभूतिसेन म्हणजे मुलाशी अबोला धरून इथे बसलेले गृहस्थ धनगुप्त. सुषेण हा त्यांचा मुलगा, आणि राणी ही त्या दोघांच्या मध्ये बसलेली माउली. निरोप्या मीच होतो." कालसेन कोण, हे त्यांनी सांगितले नाही. सत्यात काही न मिसळता माणसांना जोडणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्यातली परिपूर्णता.

आणि त्या निरोपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजा विभूतिसेन एकटाच बाग ओलांडून गेला. राणीने दार लगेच उघडले नाही. तो पायरीवर बसून राहिला. ऊन चढल्यावर तिने दार उघडले, आणि त्या दिवशी दरबार भरला नाही.