हेमांगीच्या चपला

"मग काय, बायकांना तिकडे मरायला जाऊ द्यायचं?"

हेमांगीचा आवाज चढला, आणि तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. समोर यमुनाक्का बसल्या होत्या. आखातातल्या वकिलातीत हेमांगीची पहिली नेमणूक झाली, तेव्हा हाताला धरून काम शिकवलं ते यांनीच. छळाला कंटाळून पळून आलेल्या मोलकरणीला धीर कसा द्यायचा, मालकानं दाबून ठेवलेला पासपोर्ट कसा सोडवायचा, सगळं. ते उपकार ती विसरली नव्हती. म्हणून तर दिल्लीहून वाकडी वाट करून कोकणातल्या या टेकडीवर आली होती.

सरकारनं बायकांच्या बाजूनं परराष्ट्र धोरण आखायला घेतलं होतं, आणि त्यातलं स्थलांतराचं प्रकरण हिच्याकडे होतं. हिनं ठणकावून लिहिलं, घरकामासाठी कुणा बाईनं परदेशी जायचं नाही. सोमवारी मसुदा वर जायचा होता. अक्कांनी त्याला बरं म्हणावं, एवढीच तिची आस.

अक्कांनी मसुदा वाचला. बंदी घातली म्हणजे बाया जायच्या थांबतील का, एवढंच विचारलं. हेमांगी म्हणाली, काही जणी चोरून जातीलच, पण नाइलाज आहे. वाटच वाईट.

अक्का उठून आत गेल्या, त्या बऱ्याच वेळानं कोकम सरबत घेऊन आल्या. विषय पुन्हा काढलाच नाही.

निघताना बघते तर पायरीवर चपला नाहीत.

"मी आत ठेवल्यात," अक्का म्हणाल्या. "उतारावर काटे फार. तुझी काळजी वाटते."

"पण मला जायलाच हवं, अक्का. गाडी खाली उभी आहे."

"नाइलाज आहे."

हेमांगीला आधी हसू आलं, मग रागही आला. मुलखाची हट्टी ती. तशीच अनवाणी अंगणाबाहेर पडली, आणि कळवळून खाली बसली. टाचेत करवंदीचा काटा.

"अहो, काटे आहेत म्हणूनच तर चपला..."

म्हणता म्हणता तिला मसुद्यातली आपलीच ओळ आठवली.

...

काटा निघाल्यावर तिनं पिशवीतून मसुदा काढला आणि बंदीची ती ओळ खोडली. मग अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. एवढी मोठी अधिकारी झाले तरी मला शिकवणारं माणूस अजून आहे, या विचारानंच तिला भरून आलं.

अक्कांनी चपला आणून तिच्या पुढ्यात ठेवल्या.

"अंगठा उसवला होता, तो शिवलाय. परत यायचीही हीच वाट आहे."